एसटी किंवा सिटी बसने गाडीचं, भिंतीचं, मालाचं नुकसान केलं तर दावा कसा लावायचा: नाशिककरांसाठी धागा

गोदाकाठ

बसच्या धडकेत माणूस जखमी झाला तर पुढे काय करायचं ते सांगणारं कुणीतरी भेटतं. नुसतं गाडीचं किंवा मालाचं नुकसान झालं असेल तर मात्र लोक 'सरकारी गाडी आहे, काय मिळणार' म्हणून सोडून देतात. कायद्यात तसं काही नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६५ मध्ये मृत्यू आणि दुखापत यांच्या जोडीने त्रयस्थाच्या मालमत्तेचं नुकसानही आहे, आणि कलम १६६ खाली मालमत्तेच्या मालकाला थेट मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. नुकसान २,००० रुपयांच्या वर असेल तर दिवाणी न्यायालयात जाण्याचाही पर्याय आहे, पण न्यायाधिकरणाची पद्धत सुटसुटीत आहे. आपल्याकडे ते सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात.

सगळ्यात आधी एकच गोष्ट नक्की करा: बस कुणाची आहे. दावे कायद्याच्या मुद्द्यावर कमी अडतात, चुकीच्या माणसाला पक्षकार केल्यामुळे जास्त.

एसटी महामंडळाच्या स्वतःच्या मालकीच्या लाल गाडीचा विमा शोधत बसू नका. कलम १४६ मध्ये राज्य परिवहन उपक्रमांना विम्यातून सूट देता येते, त्यासाठी उपक्रमाने स्वतःचा निधी ठेवायचा असतो. त्यामुळे एम-परिवहन ॲपवर विम्याचा रकाना रिकामा दिसला तरी घाबरायचं कारण नाही. तिथे पैसे महामंडळच देणं लागतं, आणि अर्जात 'विभाग नियंत्रक यांच्यामार्फत' असं लिहून महामंडळालाच जाबदार (ज्याच्याविरुद्ध दावा तो पक्षकार) करायचं.

भाडेतत्त्वावरच्या गाड्यांचं वेगळं आहे. काही शिवशाही आणि ई-बस खाजगी मालकाच्या असतात, रंग आणि नाव महामंडळाचं. तिथे मालक, विमा कंपनी आणि महामंडळ असे तिघेही घ्या.

सिटीलिंकचं तिसरंच. २०२१ पासून शहर बससेवा नाशिक महानगर परिवहन महामंडळ ही महापालिकेची कंपनी चालवते, पण गाड्या आणि चालक ठेकेदाराचे, त्याला किलोमीटरप्रमाणे पैसे मिळतात. म्हणजे नोंदणीकृत मालक ठेकेदार, विमा त्याचा, मार्ग आणि वेळापत्रक कंपनीचं. महापालिकेत जाऊन अर्ज देऊन आलात तर तो कागद फिरत राहील.

---

सातपूरकर

गोदाकाठ, नंबरवरून डेपो कसा ओळखायचा? एमएच १५ नसलेली एसटी बघितली की लोक म्हणतात बाहेरच्या जिल्ह्याची आहे.

---

गोदाकाठ

एसटीच्या नंबरावरून डेपो कळत नाही. महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळा दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याला आहेत, गाड्या तिथे बांधून तिथल्याच आरटीओत नोंदवल्या जातात. म्हणून एमएच १४, एमएच २०, एमएच ४० अशा गाड्या राज्यभर फिरतात. एमएच २० ची गाडी सिन्नर आगाराचीही असू शकते.

बसवर आगाराचं नाव रंगवलेलं असतं, त्याचा फोटो घ्या. मार्गाची पाटी, चालक-वाहकाच्या छातीवरचा बिल्ला नंबर आणि वेळ टिपून ठेवा. एखाद्या प्रवाशाचं तिकीट मिळालं तर फारच उत्तम, ईटीआयएम मशिनच्या तिकिटावर आगार आणि वेळ छापून येते. आगार कळलं की विभाग कळतो. नाशिक विभागात नाशिक १ आणि २, मालेगाव, मनमाड, सटाणा, सिन्नर, नांदगाव, इगतपुरी, लासलगाव, कळवण, पेठ, येवला आणि पिंपळगाव ही आगारं आहेत. द्वारका चौकात धडक देणारी गाडी धुळे किंवा जळगाव विभागाची निघाली तर जाबदार त्या विभागाचा नियंत्रक, मात्र दावा नाशिकलाच लावता येतो. कलम १६६ मध्ये अपघाताचं ठिकाण, अर्जदाराचं राहण्याचं किंवा व्यवसायाचं ठिकाण आणि जाबदाराचं ठिकाण, यातलं कुठलंही न्यायाधिकरण चालतं.

---

काळा डगला

वकिलीच्या बाजूने काही गोष्टी.

मुदत. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६ (३) लागू आहे, अपघातापासून ६ महिन्यांत अर्ज दाखल व्हायला हवा. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान आहे, पण आपलं प्रकरण त्या भरवशावर ठेवू नये. आगारात दिलेला अर्ज, विभागीय कार्यालयाशी चाललेला पत्रव्यवहार, 'वरून मंजुरी येते आहे' असं तोंडी आश्वासन, यातल्या कशानेही ही मुदत थांबत नाही. चौथ्या महिन्यापर्यंत लेखी तडजोड झाली नाही तर अर्ज दाखल करून टाका. तडजोड नंतरही होते. दुसरं, कलम १७१ खालचं व्याज अर्जाच्या तारखेच्या आधीपासून देता येत नाही, त्यामुळे उशिरा दाखल केलं की ते महिने फुकट जातात.

एफआयआर. 'कुणी जखमी नाही, गुन्हा दाखल होत नाही, आपसात मिटवा' हे ठाण्यावर ऐकायला मिळतं. सार्वजनिक रस्त्यावर हयगयीने गाडी चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली दखलपात्र गुन्हा आहे, त्याला दुखापत लागत नाही. नुसतं 'माणसाचा जीव धोक्यात येईल अशा रीतीने' चालवणं पुरे. आगळिकीचं कलम ३२४ मात्र मागू नका, त्यात नुकसान करण्याचा हेतू किंवा तशी जाणीव लागते आणि अपघातात ती नसते. चुकीच्या कलमासाठी भांडलं की ठाणे अंमलदार अदखलपात्र नोंद करून मोकळा होतो. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. एफआयआर झालाच नाही तरी दावा बुडत नाही. न्यायाधिकरणात निष्काळजीपणा इतर पुराव्यानेही सिद्ध करता येतो, फक्त ओझं वाढतं. निदान स्टेशन डायरीची नोंद आणि घटनास्थळ पंचनामा हवाच.

ठाण्यावर जबाब लिहिताना एक वाक्य सवयीने टाकलं जातं: 'माझी कुणाविरुद्ध काही तक्रार नाही.' सही करण्याआधी जबाब पूर्ण वाचा. नुकसानीची रक्कम तेव्हा माहीत नसते, म्हणून 'नुकसानभरपाईचा हक्क राखून ठेवत आहे' एवढं लिहून घ्या.

आणि चालकाकडून जागेवर रोख पैसे घेऊ नका. त्याची खातेनिहाय चौकशी होणार असते, त्या भीतीने तो खिशातून दोन-तीन हजार काढून देतो. त्याच्यावरही तो अन्याय आहे, आणि तुम्ही ते घेतलेत की 'मिटलं होतं' हा बचाव जाबदाराला मिळतो.

---

अंबड लिंक रोड

ताई, सिटी बस ठेकेदाराची असेल आणि ठेकेदाराची विमा कंपनी म्हणाली की गाडी महामंडळाच्या ताब्यात होती, आमचा संबंध नाही, तर?

---

काळा डगला

हा वाद जुना आहे. उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाच्या कुलसुम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितलं की भाड्याने घेतलेल्या बसबरोबर तिचा विमाही महामंडळाकडे गेला असं मानायचं, विमा कंपनीला हात झटकता येणार नाहीत. म्हणून मालक, विमा कंपनी, बस चालवणारी संस्था आणि चालक असे सगळे जाबदार करा. कुणी किती द्यायचं ते त्यांनी आपसात बघावं. विम्याचा तपशील मिळत नसेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १६० आहे: मागणी केल्यावर पोलिसांनी किंवा आरटीओने वाहनाचा, चालकाचा आणि विम्याचा तपशील दावेदाराला द्यायचा असतो. पेठ रोडच्या आरटीओत अर्ज देताना एफआयआरची किंवा डायरी नोंदीची प्रत जोडा.

---

सर्व्हे वही

आता रकमेचं. गाड्यांच्या नुकसानीचे अंदाज काढण्याच्या कामातून दिसणाऱ्या गोष्टी लिहितो.

गॅरेजचं एस्टिमेट हा पुरावा नाही, तो अंदाज आहे. जीएसटी क्रमांकाचं अंतिम बिल, पैसे दिल्याची पावती किंवा बँकेतली नोंद, आणि बिल देणारा माणूस साक्षीला येण्याची तयारी, या तिन्ही गोष्टी लागतात. बिलावर सुट्या भागांची नावं आणि मजुरी वेगवेगळी मागा. 'डेंटिंग पेंटिंग व इतर ३५,०००' असं एका ओळीचं बिल उलटतपासात टिकत नाही. दुरुस्तीआधी खोललेल्या अवस्थेतले फोटो घ्या, कारण बंपरच्या आतला रेडिएटर सपोर्ट किंवा चेसिसचं टोक वाकलेलं बाहेरून दिसत नाही. जुने भाग गॅरेजवाल्याला लगेच देऊ नका, निदान नंबरपट्टीसकट फोटो ठेवा.

फोटो काढायचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी लांबून, दोन्ही वाहनं आणि रस्त्याची कायमची खूण एका चौकटीत: दुकानाची पाटी, दुभाजक, सिग्नलचा खांब. मग टायरच्या घसटीच्या खुणा आणि काचांचा सडा, कारण धडक नेमकी कुठे झाली ते काच सांगते. शेवटी जवळून नुकसान, त्यात बसचा रंग तुमच्या पत्र्यावर लागलेला दिसला पाहिजे. उंचीही दाखवा. बसच्या बंपरची उंची आणि तुमच्या गाडीवरचा मार जुळत नसेल तर 'हे आधीचं आहे' म्हणायला वाव राहतो. गाड्या बाजूला घेतल्यावर काढलेल्या फोटोंचा उपयोग निम्मा होतो, पण मुंबई नाक्यासारख्या ठिकाणी वाहतूक अडवून ठेवणं धोक्याचं आणि चुकीचं. दोन मिनिटांत काढा आणि बाजूला व्हा.

आता बऱ्याच जणांचा गोंधळ: आपला सर्वसमावेशक विमा असेल तर आधी तिथून घ्यावं की बसवाल्यांवर दावा लावावा? उदाहरण घेऊ. गाडी साडेचार वर्षांची. प्लॅस्टिक बंपर ८,०००, पत्र्याचं दार १२,०००, काच ६,०००, रंगकाम १०,०००, एकूण ३६,०००. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकवर ५० टक्के घसारा, चार ते पाच वर्षांच्या पत्र्यावर ३५ टक्के, काचेवर शून्य, रंगात साहित्याचा वाटा २५ टक्के धरून त्यावर ५० टक्के. म्हणजे ४,००० अधिक ७,८०० अधिक ६,००० अधिक ८,७५०, बेरीज २६,५५०. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीची सक्तीची वजावट १,०००. हातात २५,५५०. खिशातून १०,४५० गेले, शिवाय पुढच्या हप्त्यातला नो क्लेम बोनस गेला.

विम्याचे २५,५५० घेतले तर तीच रक्कम बसवाल्यांकडून पुन्हा मागता येत नाही. तो हक्क विमा कंपनीकडे जातो. मागता येतो तो उरलेला फरक. म्हणून विमा कंपनीच्या व्हाउचरवर 'पूर्ण व अंतिम' छापलेलं असेल तर 'पॉलिसीखालील देय रकमेपुरते' असं हाताने लिहून सही करा आणि प्रत ठेवा. ते लिहिलं नाही तर फरकाचा दावाही फेटाळला जाण्याचा धोका आहे. झिरो डेप (घसारा न कापणारी) पॉलिसी असेल तर फरक इतका कमी राहतो की माझ्या मते विम्यातून घेऊन मोकळं व्हावं. नुसता थर्ड पार्टी विमा असणाऱ्यांना न्यायाधिकरणाशिवाय वाट नाही, आणि नाशिकमध्ये असे रिक्षावाले आणि पिकअपवाले पुष्कळ आहेत.

---

निमाणी थांबा

रिक्षा गॅरेजला पडून राहते त्या दिवसांचं उत्पन्न मागता येतं का?

---

सर्व्हे वही

येतं, पण गाडी कधी आत गेली आणि कधी बाहेर आली हे गॅरेजच्या जॉब कार्डावर तारखेने हवं. दुरुस्तीला वाजवी दिवस लागतात तेवढेच धरतात. सुटा भाग यायला महिना लागला तर तसं वितरकाचं पत्र लागतं. उत्पन्नासाठी परमिट, बॅज, बँकेत जमा होणारे रोजचे पैसे, ॲपवरून धंदा असेल तर त्याचा उतारा. ढोबळ उत्पन्नातून गॅसचा खर्च वजा करून मागा. वजा न करता मागितलेला आकडा बघून सगळ्याच हिशोबावरचा विश्वास जातो.

---

द्राक्षबाग

मालाच्या नुकसानीबद्दल लिहायलाच हवं, कारण आपल्याकडे पिकअपमध्ये टोमॅटो, द्राक्षं, कांदा असतो आणि गाडीपेक्षा आतल्या मालाचं नुकसान मोठं असतं.

गाडीचा मालक आणि मालाचा मालक वेगळे असतील तर अर्ज वेगळे. गाडीवाल्याने शेतकऱ्याच्या टोमॅटोचे पैसे स्वतःच्या अर्जात मागितले तर ती रक्कम उडते. त्याचं नुकसान त्यालाच मागायचं असतं.

पंचनाम्यात 'टेम्पोतील भाजीपाल्याचे नुकसान' एवढंच लिहिलं जातं आणि पुढचं सगळं तिथेच बसतं. पंचांसमोर क्रेट मोजून घ्या. एकूण किती, फुटलेले किती, माल रस्त्यावर सांडलेला किती, आणि क्रेटमध्ये साधारण किती किलो. टोमॅटोचं क्रेट २० किलोचं धरतात, पण वजनकाट्याची पावती असेल तर ती जोडा. नाशवंत माल पुरावा म्हणून ठेवता येत नाही, त्यामुळे फोटो आणि पंचनामा हेच त्याचं वजन. वाचलेला माल त्याच दिवशी विकून टाका आणि आडत्याची हिशोबपट्टी घ्या. पडेल भावाने विकला तरी चालेल, ती वजावट दाखवलीत की उरलेला आकडा खरा वाटतो. माल तसाच सडू दिला तर 'नुकसान कमी करायचा प्रयत्न केला नाही' हा आक्षेप येतो.

भाव ठरवायला त्या दिवसाचा बाजार समितीचा दर घ्या. पिंपळगावला निघालेला माल असेल तर पिंपळगावचा, पंचवटी मार्केटला निघालेला असेल तर तिथला. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. सर्वसाधारण दराने मागा. कमाल दर हवा असेल तर प्रतवारी सिद्ध करावी लागते. निर्यातीच्या द्राक्षांसाठी पॅकहाउसची चलनं आणि खरेदीदाराचा करार असल्याशिवाय निर्यातीचा भाव धरत नाहीत.

सातबारा आणि त्यावरची पीक नोंदणी जोडायला विसरू नका. माल आपलाच होता हे त्यातून दिसतं.

---

सातपूरकर

आणि कंपाउंड वॉल, दुकानाचं शटर, गेट?

---

गोदाकाठ

त्यालाही हेच न्यायाधिकरण, कारण नुकसान मोटार वाहनाच्या वापरातून झालं आहे. मालकीसाठी सिटी सर्व्हेचा उतारा आणि घरपट्टीची पावती. भाडेकरूने स्वतः बसवलेलं शटर असेल तर खरेदीचं बिल भाडेकरूच्या नावावर हवं. सोसायटीची भिंत असेल तर दावा सोसायटीचा, सचिवांना अधिकार देणारा ठराव जोडून. रकमेसाठी शासनमान्य मूल्यांकनकाराचा किंवा अभियंत्याचा अहवाल: लांबी, उंची, जाडी मोजून सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीप्रमाणे. भिंत जुनी असेल तर घसारा वजा होतो. भिंत रस्त्याच्या हद्दीत पुढे आलेली असेल तर मात्र दावा लावण्याआधी नीट विचार करा, मोजणीचा नकाशा समोर येतोच.

---

अंबड लिंक रोड

बसच्या बाजूची कागदपत्रं कशी काढायची? आगारात विचारलं की 'वरिष्ठांना विचारा' एवढंच उत्तर.

---

काळा डगला

तोंडी विचारू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत आगार व्यवस्थापकाला लेखी पत्र द्या, पोच घ्या, आणि त्यात तीन गोष्टी मागा: लॉगशीट, चालकाचा अपघात अहवाल, आणि बसमध्ये कॅमेरा किंवा जीपीएस असेल तर त्या वेळेची नोंद जपून ठेवावी. कॅमेऱ्याच्या नोंदी काही दिवसांत पुसल्या जाऊन त्यावर नवीन चढतात. 'जपून ठेवा' असं पत्र गेल्यावरही ती गेली तर त्याचा अर्थ न्यायाधिकरण काढू शकतं. आसपासच्या दुकानांच्या कॅमेऱ्यांनाही हेच लागू. तिथलं चित्रण घेताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र हवं. त्याचे दोन भाग असतात, एक कॅमेऱ्याच्या मालकाने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा, त्यात हॅश व्हॅल्यू (फाइलची डिजिटल ओळखखूण) लिहायची. व्हॉट्सॲपवर पाठवलेली क्लिप म्हणजे मूळ नोंद नव्हे, पेन ड्राइव्हवर थेट उतरवून घ्या.

त्यानंतर माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आसपास असावा लागतो, म्हणून चालकाच्या चौकशीचा अर्ज वेगळा आणि गाडीच्या देखभालीचा वेगळा करा. 'ब्रेक फेल झाला' हा बचाव आला तर देखभालीची नोंद कामी येते. आणि ब्रेक फेल होणं हे मालकाला सोडवत नाही, देखभाल नीट होती हे सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावरच येतं.

---

कॉलेज रोड

प्रवाशाची बॅग डिकीत भिजली, लॅपटॉप गेला, असं असेल तर?

---

काळा डगला

तो सेवेतल्या त्रुटीचा प्रश्न, अपघाताचा नाही. जिल्हा ग्राहक आयोगात जा. मुदत २ वर्षं, आणि दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तिकीट आणि सामानाचं वेगळं तिकीट काढलं असेल तर तेही जोडा. सामान स्वतःच्या ताब्यात सीटवर होतं की वाहकाने डिकीत ठेवायला लावलं, यावर बरंच अवलंबून आहे, ते तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा. वाहकाकडे किंवा स्थानकप्रमुखाकडे त्याच दिवशी तक्रारवहीत नोंद करून तिचा फोटो घ्या.

---

निमाणी थांबा

लोकअदालतीत मिटवावं का? रक्कम कमी करायला सांगतात.

---

काळा डगला

रक्कम लहान असेल आणि पुरावा मधला असेल तर मिटवा. साक्षीपुरावे चालवण्यात जाणारा वेळ आणि गॅरेजवाल्याला साक्षीला आणण्याचा खटाटोप धरला तर थोडी सूट देणं परवडतं. मात्र लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी रक्कम, व्याज आणि किती दिवसांत जमा करणार हे तिन्ही लिहून घ्या. मुदत न लिहिलेला निवाडा वसुलीला त्रास देतो.

पुरावा पक्का असेल तर घाई नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७३ मध्ये वादातली रक्कम १ लाखाच्या आत असेल तर अपीलच होत नाही. गाडीच्या नुकसानीचे बहुतेक दावे या मर्यादेत बसतात, म्हणजे न्यायाधिकरणाचा निकाल तिथेच संपतो. मोठ्या रकमेत अपिलाला ९० दिवस आणि आधी २५,००० किंवा निकालाच्या ५० टक्के, यातली कमी रक्कम भरावी लागते.

निकालानंतर पैसे आले नाहीत तर कलम १७४ खाली वसुली प्रमाणपत्र मागा, ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊन जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. दरखास्तही (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावता येते. अर्जासोबत पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत द्या आणि खात्यावरचं नाव आरसी बुकावरच्या नावाशी अक्षरशः जुळतंय ना ते बघून घ्या. एकीकडे आडनाव आधी आणि दुसरीकडे नंतर असेल तर नावाबाबतचं प्रतिज्ञापत्र दाव्याबरोबरच लावून ठेवा, नाहीतर जमा झालेली रक्कम उचलताना पुन्हा अर्ज करावा लागतो.